कूर्चेचा पडदा

त्या दिवशीची दुसरी केस एका शिक्षिकाबाईंची. उजवा कान लहानपणापासून वाहणारा, सर्दी झाली की हमखास. पूर्वी एकदा कानशिलाच्या स्नायूवरचं आवरण, म्हणजे फेशिया, लावून पडदा बसवला होता. तो आत ओढला जाऊन फाटला. नाकामागून कानाकडे जाणारी युस्टेशियन नळी नीट उघडत नसली की मधल्या कानातला दाब घटतो आणि पातळ पडदा तग धरत नाही. म्हणून या वेळी कूर्चा, म्हणजे कानातलं लवचीक मऊ हाड, घ्यायची ठरवली.

ट्रॅगसमधून, म्हणजे कानाच्या भोकापुढच्या उंचवट्यातून तुकडा काढला. टोकाशी दोनेक मिलिमीटरची कड राखली, नाहीतर कानाचा आकार बिघडतो. मूळ पडदा जेमतेम ०.१ मिलिमीटर जाडीचा, कूर्चा त्याच्या कितीतरी पट जाड. शिकाऊ डॉक्टर दरवेळी विचारतात, हे फळकूट थरथरणार कसं? शंका रास्त आहे, म्हणून मी ती अर्ध्या मिलिमीटरपर्यंत तासते. तासताना ती वळते, तेव्हा चिडचिड होते ती वेगळी. पण हिला रक्तवाहिन्यांची गरज नाही, आजूबाजूने झिरपणाऱ्या पोषणावर ती जगते, आणि उणा दाब सहज सोसते. पडद्याला चिकटलेल्या हातोडी नावाच्या इवल्या हाडाच्या दांड्यासाठी तिच्यात खाच केली. हातोडी हलवली तर शेवटचं हाड, रिकीब, हलत होतं; म्हणजे हाडांची साखळी शाबूत.

भूल फक्त कानापुरती होती. दुसरा कान उशीत दबलेला. ग्राफ्ट, म्हणजे ती तासलेली कूर्चा, उरलेल्या पडद्याच्या आतून सरकवून बसवला आणि हळूच विचारलं, "बाई, काय ऐकू येतंय?"

"कसली तरी घरघर. मघाशी नव्हती."

एसी सकाळपासून चालूच होता. ऑपरेशन चालू असताना असं उत्तर मिळालं की मायक्रोस्कोपवरून मान वर न करताही हसू येतं. मग कानात जेलफोम, म्हणजे विरघळणारा स्पंज, भरला आणि त्या म्हणाल्या, "अहो, गेली." जाणारच. तो विरघळायला काही आठवडे लागतात, खरा हिशेब ऑडिओग्राममध्ये, म्हणजे ऐकण्याच्या चाचणीच्या आलेखात.

कूर्चेची एक खोड मात्र मला खटकते. ती अपारदर्शक असल्यामुळे मागे कोलेस्टिॲटोमा, म्हणजे मधल्या कानात साठत जाणारी त्वचेची गाठ, वाढत असला तरी दिसत नाही. त्यामुळे कान कोरडा झाला तरी तपासणीला यायचंच, हे बाईंना दोनदा बजावलं. कानात पाणी नको, नाक जोरात शिंकरायचं नाही, शिंक आली तर तोंड उघडं ठेवायचं.

"आणि वर्गात ओरडायचं?"

"ते चालेल."