सालं, गूळ आणि मातीचा रिपोर्ट: आमची वाटचाल

फळांच्या सालींचं आंबवण, म्हणजे सालं गूळ-पाण्यात आंबवून शेतात घालायचं पाणी, कसं करायचं ते शिकवायचं आणि त्यासाठी ड्रम लावून द्यायचे, हा आमचा धंदा. पण नवीन माणूस आला की आमचा पहिला प्रश्न असतो, माती तपासलीय का? काही जण वैतागतात, म्हणतात ताई औषध द्या की, रिपोर्ट कशाला पाहिजे. तरी आम्ही विचारतोच, कारण हा प्रश्न सोडला तर आमच्या कामाला काही अर्थ राहत नाही असं मला मनापासून वाटतं.

आम्ही म्हणजे आम्ही दोघी जावा. सासऱ्यांचं कोल्हापुरात रंकाळ्याकडे ज्यूस सेंटर, त्यामुळं मोसंबी, अननस, पपई, केळं यांच्या सालींची पोती रोज घरचीच. शेती शिरोळ तालुक्यात, काळी जमीन, ऊस. 2019 च्या महापुरात उसात पाणी थांबलं आणि पाणी उतरल्यावर खोडवं (तोडणीनंतर परत फुटलेला ऊस) पिवळं पडायला लागलं, तेव्हा घरात पहिल्यांदा कुणीतरी माती परीक्षणाचं नाव काढलं. रिपोर्ट आला, पीएच 8 च्या वर (हा आकडा 7 च्या खाली म्हणजे जमीन आम्ल, वर म्हणजे विम्ल), चुनखडी जास्त, सेंद्रिय कर्ब कमी. त्याच वर्षी जाऊबाईंच्या माहेरचा, चंदगडकडचा रिपोर्ट बघितला तर तिथं तांबडी जमीन आणि पीएच 6 च्या खाली. एकाच जिल्ह्यातली दोन टोकं एकाच घरात, तिथून आमचा विचार सुरू झाला.

तेव्हा मोबाईलवर सगळीकडं सांगत होते की सालींचं आंबवण टाका, आम्ल असतं, जमिनीचा पीएच खाली येतो. आंबवण आंबट असतं हे खरंच आहे, नीट तयार झालेल्याचा पीएच 3 ते 4 च्या आसपास येतो. पण हिशोब करून बघा. एका एकरातली वरची सहा इंच माती जवळपास 900 टन भरते, त्यात तुम्ही दोन-चार लिटर आंबवण पाण्यात पातळ करून सोडणार, आणि आमच्याकडच्या काळ्या मातीत चुनखडी भरलेली, ती आलेलं आम्ल तिथल्या तिथं मारून टाकते. उरलेलं सेंद्रिय आम्ल मातीतले जिवाणू थोड्याच दिवसांत खाऊन टाकतात. म्हणजे शेताचा पीएच काही हलत नाही. ही गोष्ट आम्ही पहिल्या दिवसापासून सांगतो, त्यानं गिऱ्हाईक कमी झालं असेल तर होऊ दे.

मग उपयोग काय? मुळांच्या अगदी जवळ, थोडा वेळ का होईना, ती आम्लं बांधला गेलेला स्फुरद आणि लोह थोडं मोकळं करायला मदत करतात, केळीच्या सालीतलं पालाश पाण्यात उतरतं आणि जिवाणूंना खाऊ मिळतो. एवढंच. आडसाली उसाला हेक्टरी 400 किलो नत्र, 170 स्फुरद, 170 पालाश अशी शिफारस आहे, ती भूक सालींच्या पाण्यावर भागणार नाही, नत्र तर यात नावालाच असतं. शेणखत, पाचट कुजवणं, हिरवळीचं खत आणि रिपोर्टप्रमाणं रासायनिक खत यांच्या जोडीला हे चालवायचं.

आता कृती, कारण फोन यासाठीच जास्त येतात. 1 भाग गूळ, 3 भाग सालं, 10 भाग पाणी. 200 लिटरच्या निळ्या ड्रमला 10 किलो गूळ, 30 किलो सालं आणि 100 लिटर पाणी घ्यायचं, वरची जागा मुद्दाम मोकळी सोडायची कारण गॅस होतो, पहिले काही आठवडे तर भरपूर होतो. झाकण रोज जरा सैल करायचं, नाहीतर आम्ही बसवतो तशी नळी काढून तिचं टोक पाण्याच्या बाटलीत बुडवायचं, म्हणजे गॅस बाहेर जातो आणि हवा आत येत नाही. काचेची बरणी अजिबात नको, फुटते. गूळ काळपट, बिगर केमिकलचा घ्या. पांढराशुभ्र दिसावा म्हणून हायड्रॉस (रंग उडवायची पावडर) मारलेला गूळ यीस्टला चालत नाही, आणि कोल्हापुरात राहून चांगला गूळ मिळत नाही असं कुणी म्हणू नये, गुऱ्हाळावर जाऊन गुळव्याला विचारा, दिसायला कमी पडलेला गूळ तो स्वस्तात देतो. पाणी नळाचं असेल तर रात्रभर उघडं ठेवा, क्लोरीन उडून जातं. तीन महिने सावलीत. वर पांढरी साय आली तर घाबरू नका, काळी बुरशी आणि कुजका वास आला तर मूठभर गूळ टाकून ढवळा, तरी वास गेला नाही तर ते शेतात नेऊ नका, कंपोस्टच्या खड्ड्यात ओता. चांगल्या ड्रमला आंबटगोड वास येतो, एकदा नाकाला कळला की परत चुकत नाही.

फवारणीला लिटरला 1 ते 2 मिली, आळवणीला, म्हणजे मुळाशी ओतायला, 5 मिलीपर्यंत. जास्त घातलं म्हणून जास्त फायदा होत नाही, उलट घट्ट घातलं तर कोवळी मुळं भाजतात, कुंडीतल्या रोपांना तर लगेच दिसतं. गाळलेला चोथा गांडूळखतात टाका पण आधी शेण-पालापाचोळ्यात मुरू दे, थेट आंबट टाकला तर गांडुळं पळतात.

बाटलीत भरून का विकत नाही असं सगळे विचारतात. खत म्हणून विकायचं तर खत नियंत्रण आदेश 1985 लागू होतो, 2021 मध्ये बायोस्टिम्युलंट, म्हणजे पिकाच्या वाढीला चालना देणारी द्रावणं वगैरे, तीसुद्धा त्यात आली, नोंदणी, चाचण्या, लेबल, सगळं आलं. आणि मोठं कारण म्हणजे आज पपईची सालं, उद्या मोसंबीची, प्रत्येक ड्रम वेगळा निघतो, त्यावर एकच छापील आकडा चिकटवणं आम्हाला पटलं नाही. म्हणून आम्ही ड्रम, नळी, गूळ, पीएच मीटर आणि शिकवणं एवढंच विकतो. ज्यूसवाल्यांची आणि मार्केट यार्डातली सालं गोळा करून शेतापर्यंत पोचवायचं काम दीर बघतात. धंदा मोठा नाही, पण ज्यानं एकदा ड्रम लावला त्याला परत आमची गरज लागत नाही आणि तो दुसऱ्या चौघांना पाठवतो, आमची जाहिरात तीच.

रिपोर्टवरून सल्ला बदलतो तो असा. शिरोळकडं उसाची नवी पानं पिवळी पांढरी पडली, म्हणजे आपण केवडा म्हणतो तो, की आम्ही आधी हिराकस (फेरस सल्फेट, लोहाचं खत) शेणखतात मुरवून द्यायला आणि फवारायला सांगतो, आंबवण त्याच्या जोडीला. जमीन क्षारपड असेल, वर पांढरं येत असेल तर आमच्याकडून काहीच घेऊ नका, आधी निचरा करा, चर काढा, सच्छिद्र पाइप टाका, मग जिप्समचं कृषी अधिकाऱ्यांना विचारा. चंदगड-आजऱ्याकडं उलटं. तिथं पावसानं कॅल्शियम, मॅग्नेशियम धुऊन गेलेलं, स्फुरद लोह आणि ॲल्युमिनियममध्ये अडकलेला, तिथं शेतीचा चुना किंवा डोलोमाइट रिपोर्टप्रमाणं आणि चुलीची राख हे खरं काम करतं. आंबट पाण्यानं जमीन सुधारेल असं तिथं सांगणं म्हणजे शेतकऱ्याचा हंगाम घालवणं आहे.

तरीपण चंदगडला आमचे ड्रम सगळ्यात जास्त आनंदानं लागतात, ते काजूबोंडांमुळं. बी काढून घेतल्यावर बोंडांचे ढीग बागेतच कुजतात, मार्च ते मे वास सुटतो, माश्या होतात. बोंडाला स्वतःचा रस असतो, साखर असते, त्यामुळं पाणी जरा कमी घालायचं आणि ते सालींपेक्षा लवकर फसफसतं. जाऊबाई हंगामात तिकडंच राहून बायकांच्या बचत गटांना शिकवतात, आणि तयार झालेलं आंबवण परसातल्या भाजीला जातं, चुना आधी टाकलेला असेल त्याच वाफ्यात.

ड्रम बघायला येणार असाल तर येताना रिपोर्ट आणा. नसेल तर नमुना असा घ्या: शेतात नागमोडी चालत आठ-दहा जागी वीतभर खोल व्हीसारखा खड्डा करा, कडेची माती काढा, एकत्र करून चार भाग करा, समोरासमोरचे दोन टाकून द्या, असं करत अर्धा किलो ठेवा. झाडाखालची, बांधाची, शेणाच्या उकिरड्याजवळची आणि नुकतंच खत टाकलेल्या जागेची माती घेऊ नका. सावलीत वाळवा, सरकारी प्रयोगशाळेत द्या, पीएच, ईसी (मातीतले क्षार किती ते), सेंद्रिय कर्ब आणि स्फुरद, पालाश, लोह, जस्त हे आकडे मागून घ्या. कागद हातात आला की या, सोमवार सोडून आम्ही दुकानातच असतो.