बंदूक आपोआप रिकामी कशी झाली?

माझ्या विषयात संशोधन करण्यासारखं काय आहे, असं तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. माझा विषय 'कृती आणि बदल तर्कशास्त्रात मांडणं' असा आहे म्हटलं की लग्नाच्या पंगतीत हमखास कोणीतरी विचारतं, "यात संशोधन कसलं? डबा उचलला की डबा हलला!"

डबा हलला हे एका ओळीत लिहून होतं. पण डबा उचलल्यावर गॅस चालूच आहे, भिंतीचा रंग तोच आहे, हे यंत्राला कोण सांगणार? आपण न सांगता धरून चालतो. तर्कशास्त्र न सांगितलेलं काहीच धरत नाही. कृत्रिम बुद्धिमत्तेचे संशोधक जॉन मॅकार्थी आणि पॅट्रिक हेज यांनी १९६९ साली या दुखण्याला 'फ्रेम प्रॉब्लेम' असं नाव दिलं. १०० कृती आणि ५० गुणधर्म असतील, तर काय बदलत 'नाही' एवढंच सांगायला पाचेक हजार वाक्यं!

मग तोडगा निघाला: खास कारण नसेल तर जे होतं ते तसंच राहतं, आणि बदल हा अपवाद, तो कमीत कमी धरायचा. किती शहाणपणाचं वाटतं! १९८६ मध्ये येल विद्यापीठातल्या स्टीव्ह हँक्स आणि ड्रू मॅकडरमॉट यांनी त्यातली हवाच काढली. त्यांचं उदाहरण असं: फ्रेड नावाचा एक माणूस जिवंत आहे. बंदूक भरली, जरा थांबलो, गोळी झाडली. तर्काला यातून दोन गोष्टी दिसतात. एकीत फ्रेड मरतो. दुसरीत थांबलेलो असताना बंदूक आपोआप रिकामी होते आणि फ्रेड वाचतो. पहिलीत जिवंतपणा टिकत नाही, दुसरीत बंदुकीचं भरलेपण. नियमाच्या लेखी दोन्ही सारख्याच. वाचून मी आधी हसलो. मग वहीत मांडून बघितलं, तर चूक सापडेना.

मला सर्वांत आवडतं ते टोरांटोच्या रे रायटर यांचं १९९१ मधलं उत्तर. त्यांनी प्रश्न कृतीला न विचारता गुणधर्माला विचारला. बंदूक भरलेली आहे, म्हणजे एकतर आत्ताच भरली, किंवा आधीच भरलेली होती आणि आत्ता रिकामी केली नाही. थांबण्याचं त्यात नावच नाही, त्यामुळे फ्रेडची सुटका नाही. ५० गुणधर्म, ५० वाक्यं. अट एकच: बदलाची सगळी कारणं आधी ठाऊक हवीत.

आणि कृती मुळात पार पडेल कशावरून? गाडी सुरू होण्यासाठी धुराच्या नळीत बटाटा कोंबलेला नसावा, हे मॅकार्थींचं उदाहरण प्रसिद्धच आहे. आपल्याला एवढं लांब जायला नको. डबा उचलायला गेलात आणि नुसतं झाकण हातात आलं, तर?