घोडी आज पाणी प्यायली

साडेपाचला अंथरुणातून निघवत नाही, पण घोडी टापा आपटायला लागली की सुटका नसते. तापीकाठचा गारठा हाडात शिरतो. बादलीत तोंड घातलं आणि फुर्र करून अर्धं पाणी माझ्याच पायावर.

गारठ्यात घोडं पाणी कमी पितं, वर कोरडा कडबा, की पोटशूळ ठरलेला. मागच्या हिवाळ्यात अख्खी रात्र लगाम धरून हिला अंगणात फिरवलंय. म्हणून पऱ्हाट्या पेटवल्या, हंडा चढवला, कोमट पाण्यात चिमूटभर मीठ. कान मागेपुढे हलवत घुटुक घुटुक बादली संपवली पोरीने! मगच दादर ज्वारीचा कडबा सोडला. माय ओट्यावरून रोजचंच, "घोडीले पानी पाजं का?"

खुराड्याचं काम पटकन उरकलं. गोणपाट वर केलं, ओला भुसा काढून कोरडा टाकला. नऊ कोंबड्यांत अंडी दोन. आप्पांच्या मते थंडीने आखडल्यात. खरं कारण उजेड: भरपूर अंडी द्यायला कोंबडीला 14 ते 16 तास उजेड लागतो, सध्या दिवस जेमतेम 11 तासांचा. बल्ब लावू म्हटलं तर आप्पा म्हणाले, "त्यांनाबी सुट्टी असू दे की."

दत्तजयंतीला सारंगखेड्याची यात्रा, घोड्यांच्या बाजाराची. ही घोडी तिथलीच. यंदा नुसता बघायला जाणार आहे, असं घरी सांगितलंय. कुणाचा विश्वास नाही.

मोजे अजून ओलेच आहेत.