दुर्गम जागेसाठी सोलर हायब्रिड: स्ट्रिंग ठरल्या, जनरेटर राहिला

मंडळी, सोलर, बॅटरी आणि जनरेटर एकत्र चालवायचा आराखडा बराच पुढे सरकलाय. फ्रिज, दिवे, राउटर, लॅपटॉप आणि छोटा पंप धरून लोड दिवसाला 6 युनिटवर बसवला. हिशोब वर्षाच्या सरासरीवर न करता सगळ्यात ढगाळ महिन्यावर केला. तेव्हा पूर्ण ताकदीचं ऊन जेमतेम 3 तास. वायर, धूळ, बॅटरी वगैरेंचे तोटे जाऊन 70 टक्के हाती लागतं असं धरलं, की 2.86 किलोवॉट लागतात. म्हणून 545 वॉटची सहा पॅनेल.

खरा वेळ खाल्ला तो जोडणीने. पॅनेलचं ओपन सर्किट व्होल्टेज (म्हणजे काहीच लोड न जोडता मिळणारं) 49.6. तीन सिरीजमध्ये लावली तर 148.8, आणि एमपीपीटीची (पॅनेलची वीज बॅटरीत भरणाऱ्या चार्ज कंट्रोलरची) मर्यादा 150. कागदावर बसतं, पण ते 25 अंशांचं माप आहे. थंडीत व्होल्टेज चढतं, दर अंशाला साधारण 0.27 टक्के. पहाटे 5 अंश असताना ऊन पडलं, की 157 च्या आसपास. कंट्रोलर गेलाच म्हणून समजा! त्यामुळे दोन-दोन पॅनेलच्या तीन स्ट्रिंग, म्हणजे सिरीजमध्ये जोडलेल्या रांगा, एकमेकींना समांतर. त्यात एक स्ट्रिंग शॉर्ट झाली तर उरलेल्या दोघींचा मिळून 28 अँपिअर करंट तिच्यात उलटा घुसणार आणि पॅनेलवर छापलेली फ्यूजची कमाल मर्यादा 25. म्हणजे प्रत्येक स्ट्रिंगला डीसी फ्यूज आलाच.

बॅटरी 51.2 व्होल्ट, 200 एएच (अँपिअर-तास), लिथियम फेरो फॉस्फेट. 80 टक्के वापरली तर 8.2 युनिट. तीन ढगाळ दिवस निव्वळ बॅटरीवर काढायचे तर 22 युनिटहून मोठी बॅटरी लागेल, आणि वर्षातला बराच काळ ती नुसती मिरवत बसेल. मला ते पटत नाही. त्यापेक्षा 3 किलोवॉटचा डिझेल जनरेटर बरा. (शुद्ध सोलरवाल्यांनी रागावू नये.)

फक्त त्याला रिकामा पळवू नका. 30 टक्क्यांखालच्या लोडवर रोज चालला तर डिझेल नीट जळत नाही, सायलेन्सरमध्ये काजळी आणि तेलकट चिकटा साचतो. म्हणून चार्जर 35 अँपिअरचा. तेवढ्यानेच जनरेटरवर दोन किलोवॉट लोड येतो. बॅटरी 20 टक्क्यांवर आली की सुरू, 60 वर बंद, म्हणजे सव्वादोन तास. पूर्ण भरायची नाही. ढग हटले तर उन्हाला जागा हवी.

जनरेटर आपोआप सुरू-बंद करणारा ऑटोस्टार्टचा रिले (स्विच) अजून जोडायचाय. शून्य अंशाखाली बॅटरीच्या या सेल चार्ज करायच्या नसतात, तेव्हा चार्जिंगचा कट-ऑफ बीएमएसवर (बॅटरीवर लक्ष ठेवणाऱ्या सर्किटवर) सोडावा की चार्जरलाही वेगळा सेन्सर द्यावा? मी सेन्सरकडे झुकलोय.