भीती बाळंतिणीच्या खोलीतली

आमच्या घरात भुताची गोष्ट म्हणजे नारायण धारप, नाहीतर रत्नाकर मतकरी. बाबा करवीर नगर वाचन मंदिरातून पुस्तक आणायचे आणि ते निजले की ते माझ्या हातात यायचं. त्या भीतीवर माझा अजून जीव आहे. बायकांनी लिहिलेल्या भयकथा मात्र फार उशिरा भेटल्या, आणि त्यांतली भीती थेट ओळखीची निघाली.

शार्लट पर्किन्स गिलमनची ‘द यलो वॉलपेपर’ ही कथा १८९२ ची. घरात तान्हं बाळ, आणि आईला विश्रांती म्हणून वरच्या खोलीत ठेवलेलं. खिडक्यांना गज. नवरा डॉक्टर, लिहायला बंदी. ती चोरून लिहिते, आणि भिंतीवरच्या पिवळ्या नक्षीमागं तिला एक रांगणारी बाई दिसायला लागते. मला मंगळवार पेठेतली माझी बाळंतपणाची खोली आठवली. खिडक्या बंद, बाजेखाली शेगडी, ओव्याची धुरी, आणि पुस्तक उघडलं की आत्ती म्हणायची, “वाचू नको गं, डोळं जातील.” मायेनंच म्हणायची. त्या कथेतही नवरा मायेनंच बोलतो. म्हणून तर ती अंगावर येते.

मेरी शेली ‘फ्रँकेन्स्टाइन’ लिहायला बसली तेव्हा १८ वर्षांची होती. १८१८ मध्ये पुस्तक निघालं, त्यावर तिचं नावही नव्हतं. त्याआधी, १८१५ मध्ये, तिची अपुऱ्या दिवसांची पहिली मुलगी गेली होती. डायरीत तिनं एक स्वप्न टिपलंय: बाळ मेलं नव्हतंच, नुसतं गार पडलं होतं, शेकोटीपुढं चोळलं आणि ते जगलं. ही नोंद वाचल्यापासून मेलेल्यात जीव ओतणारी ती कादंबरी मला वेगळीच दिसते. त्यातल्या जिवाला ना नाव, ना आई. सिनेमावाल्यांनी त्याचा नुसता राक्षस केला.

परवा गिलमनची कथा मी आत्तीला मराठीतून सांगितली. शेंगा सोलायच्या थांबल्या.

“हे तिनं मनानं लिवलं?”

नाही, म्हटलं. बाळंतपणानंतर ती खचली, तेव्हा एका नामांकित डॉक्टरनं तिला सांगितलं होतं, लेखणीला जन्मभर हात लावू नकोस. कथा छापल्यावर तिनं त्यालाच पाठवली. त्यानं पोचही दिली नाही, असं तिनं १९१३ मध्ये लिहिलंय.

“आणि ती? लिवत ऱ्हायली?”

राहिली की. आत्तीला आता शेलीची गोष्ट हवीय.