रडायला लावणारं पुस्तक

फोंड्याच्या बाजूला एका गावातल्या लायब्ररीत मी कामाला आहे. गोव्यात सार्वजनिक लायब्ररी 1832 पासून आहे हे दर कार्यक्रमात भाषणात ऐकते, पण पावसात त्या पुस्तकांवर बुरशी चढते ती कोण पुसतं ते भाषणात येत नाही. सुकं फडकं मारायचं, पुस्तक पंख्याखाली उभं करून पानं मोकळी करायची, कसर दिसली की ते वेगळं काढायचं. माझा निम्मा पावसाळा ह्यातच जातो.

23 एप्रिलच्या पुस्तक दिनाला उपक्रम करा असं वरून आलं. वरून येतं ते एवढंच, पैसे येत नाहीत. मी एक रॅक रिकामा करून मूडप्रमाणे पुस्तकं लावली. राग आलेल्यांसाठी जाडजूड ऐतिहासिक कादंबऱ्या, कारण सहाशे पानं राग टिकत नाही. झोप न येणाऱ्यांसाठी समीक्षा. आमचा सहकारी म्हणाला, हे काय, फार्मसी काय? त्याचं एका बाबतीत खरं होतं, मराठी कादंबरी 891.463 ह्या तिच्या विषय-नंबरच्या जागेवरून हलवली की कॉम्प्युटर म्हणतो पुस्तक आत आहे आणि जागेवर बघावं तर नाही, मग वाचक आपल्यावर खेकसतात. तरी रॅक मी ठेवला.

जुलैत एक काकी आल्या, पन्नाशीच्या. छत्री बाहेर ठेवली, रॅकवरच्या चिठ्ठ्या सगळ्या वाचल्या आणि म्हणाल्या, "बाय, रडू येईल असं कायतरी दे गो. घरचे गेले त्याला चार महिने झाले, मला रडूच येत नाही. लोक बघतात."

मी लगेच 'श्यामची आई' काढून दिलं. साने गुरुजींनी 1933 साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलेलं, बेचाळीस रात्रींच्या गोष्टींचं, आमच्या घरात कोण रडलं नाही असं नाही. माझी खात्रीच होती.

पाचव्या दिवशी परत. "वाचलं गो. बरं आहे. पण ती आई सारखी शिकवतेच." मला हसू आलं आणि लाजही वाटली.

मी दुसरं शोधतेय तोवर त्या स्वतःच 641.5 कडे गेल्या, स्वयंपाकाची पुस्तकं. ओगलेबाईंची 'रुचिरा' घेतली, 1970 पासून घराघरात असलेली, वाटी-चमच्याच्या मापाची. ह्या रॅकचा मला भयंकर राग आहे, कारण लोक पाककृतीची पानं ब्लेडने कापून नेतात, आणि तेही चांगल्या घरातले. म्हणून मी लांबून लक्ष ठेवून होते.

काकी खिडकीपाशी बसल्या. थोड्या वेळाने चष्मा काढून टेबलावर ठेवला. मग पदर तोंडाला लावला तो खूप वेळ काढलाच नाही. सहकारी उठायला लागला, मी हातानेच बस म्हटलं.

पुस्तक त्यांनी घरी नेलं नाही, टेबलावर उलटं ठेवून गेल्या. मी पानं मोजली, सगळी होती. उघडं होतं ते पान बेसनाच्या लाडवांचं. पण वाऱ्याने उलटलं असेल तर? पंखा चालूच होता.

परवा रॅक आवरताना 'रुचिरा' हातात घेऊन मी 'रडावंसं वाटत असेल तर' ह्या चिठ्ठीपाशी उभी राहिले. मग ते परत 641.5 वर ठेवलं.