जत्रांच्या दिवसांत सिंधुदुर्ग: सावंतवाडी, पिंगुळी आणि दशावताराची रात्र

सिंधुदुर्गातली कला बघायची असेल तर त्यासाठी मे महिन्याची सुट्टी धरू नका. आंबे मिळतील, समुद्र मिळेल, पण तोवर जत्रांचा जोर ओसरलेला असतो आणि जत्रा नसल्या की या जिल्ह्यातलं निम्मं काही दिसतच नाही. म्हणून आम्ही दिवाळी आटोपल्यावर निघालो. तारकर्लीचे पाण्यातले खेळ आणि मालवणची मासळी यांवर वाचायला भरपूर सापडतं. सिंधुदुर्ग किल्ल्यावर आम्हीही गेलो आणि शिवराजेश्वराच्या मंदिरात थोडं बसलो. पण या वृत्तांतात त्यांच्याबद्दल फारसं काही नाही.

1981 साली रत्नागिरीतून वेगळा झालेला हा जिल्हा अजूनही गावांचाच आहे. मुख्यालय ओरोसला, तेही तसं लहानच. त्यामुळे दहा ते पाच उघडी, तिकीट काढून आत जायची मोठी संग्रहालयं इथे शोधू नका. इथली कला कुणाच्या घरच्या अंगणात असते, नाहीतर राजवाड्याच्या दरबारात, देवळाच्या सभामंडपात, आळीतल्या एखाद्या कारखान्याच्या ओट्यावर. निघण्यापूर्वी चार फोन केले नाहीत, तर दारावरून परत यायची पाळी येते.

मुक्कामाला बहुतेक जण मालवण निवडतात. कलेसाठी जाणार असाल तर माझं मत कुडाळला. रेल्वे स्टेशन आहे, एसटी स्टँड आहे, पिंगुळी अगदी लगत, वालावल आणि धामापूर जवळ आणि सावंतवाडी महामार्गाने वीसेक किलोमीटर. ‘सावंतवाडी रोड’ या नावाला भुलून तिथे उतरलात तर स्टेशन शहरात नसून मळगावात आहे हे लक्षात असू द्या. शहरात यायला रिक्षा करावी लागते. दिवसा एसटीवर सगळं निभतं. रात्रीच्या जत्रेला मात्र स्वतःचं वाहन हवं किंवा जाऊन-येऊन ठरवलेली रिक्षा. जत्रेतलं दशावतारी नाटक पहाटेपर्यंत चालतं आणि त्या वेळी आडगावातून बस मिळत नाही. रिक्षावाल्याशी थांबण्याचे पैसे आधीच बोलून घ्या. पुष्कळदा तोही मग आपल्याबरोबर नाटकाला बसतो.

सावंतवाडीत मोती तलावाच्या काठीच राजवाडा आहे. त्याचं बांधकाम खेम सावंत तिसरे यांच्या काळातलं, म्हणजे अठराव्या शतकाच्या उत्तरार्धातलं. वाडा पाहण्यासारखा आहेच, पण आम्ही गेलो होतो ते गंजिफासाठी. गोल पत्ते, हातांनी रंगवलेले, वर लाखेची चकाकी. तेलंगणातून आलेल्या विद्वानांनी हा खेळ इथे आणला, असं सांगतात. छापील पत्ते आले आणि गंजिफा रंगवणारे हात कमी होत गेले. 1970 नंतरच्या काळात इथल्या राजघराण्यातले शिवरामराजे भोसले आणि राणी सत्त्वशीलादेवी यांनी उरल्यासुरल्या कारागिरांकडून ही विद्या पुन्हा उभी केली. राणीसाहेब स्वतः ती शिकल्या आणि दरबारातच काम सुरू झालं. सावंतवाडीच्या गंजिफाला आता जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकनही आहे.

आत गेल्यावर पत्त्यांच्या चौकटींशी रेंगाळू नका, आधी रंगवणाऱ्या माणसाशेजारी उभं राहा. आम्ही उभे होतो तेव्हा परशुरामाच्या रंगाची एक पंजी चालली होती. बोटभर रुंदीच्या जागेत एकाखाली एक कुऱ्हाडी. कलाकाराने मोजून खुणा केल्या नव्हत्या. पत्ता डाव्या हाताच्या बोटांवर फिरवत तो ब्रश जवळजवळ जागच्या जागी ठेवत होता. ब्रश फिरत नाही, पत्ता फिरतो. हे फोटोत कळायचं नाही.

दशावतारी गंजिफात 120 पत्ते: दहा अवतारांचे दहा रंग आणि प्रत्येक रंगात राजा, प्रधान आणि एक्क्यापासून दश्शीपर्यंत दहा पानं. मुघल गंजिफात आठ रंग, 96 पत्ते. गंमत पुढे आहे. निम्म्या रंगांत राजा-प्रधानानंतर दश्शी मोठी, उरलेल्या निम्म्यांत क्रम उलटा आणि एक्का मोठा. खेळ दिवसा असेल तर उतारी, म्हणजे पहिली खेळी, रामाची, रात्री असेल तर कृष्णाची. हे पाठ करून खेळणारी माणसं आता फार थोडी, म्हणून कुणी डाव समजावून द्यायला तयार असेल तर तासभर सोडा. पूर्ण संच हजारांत जातो. परवडत नसेल तर सुटे पत्ते किंवा त्याच शैलीत रंगवलेल्या लहान वस्तू घ्या. छापील स्मरणवस्तू आणि हाताचं काम यांत फरक विचारून घ्यायला लाजू नका, किंमत त्यावरच ठरते. वाडा दुपारी बंद असू शकतो आणि काही समारंभ असला तर दिवसभरही, त्यामुळे फोन आधी करा.

राजवाड्यापासून चालत चितार आळी. लाकडी खेळणी, फळं, भाज्या, पाट, देव्हारे. पूर्वीपासून पांगाऱ्याचं लाकूड वापरतात, कारण ते हलकं आणि कोरायला मऊ. दुकानं बरीच आहेत आणि माल बराचसा सारखाच दिसतो, पण मागे काम चालू असलेलं दुकान शोधा. लाकडी सीताफळ हातात घेऊन बघा. डोळ्यांवर ज्याचा रंग एकसारखा गुळगुळीत बसला आहे ते घाईचं, आणि ज्याच्या खाचांत गडद छटा वेगळी भरली आहे ते मन लावून केलेलं. घरी नेताना वर्तमानपत्रात गुंडाळा, कारण प्रवासात हादरे बसले की टोकाचा रंग आधी उडतो.

पिंगुळीला जायला मात्र अर्धा दिवस राखून ठेवा. कुडाळलगतचं हे गाव, आणि इथल्या ठाकर समाजाकडे कळसूत्री बाहुल्या, चामड्याच्या छायाबाहुल्या, चित्रं दाखवत आख्यान गाणारी चित्रकथी, पांगुळ बैल, राधानृत्य, पोवाडा अशा कलांचं भांडार आहे. सावंतवाडी संस्थानाचा त्यांना आश्रय होता आणि देवळांतून कार्यक्रम करण्याचे मान ठरलेले होते. परशुराम गंगावणे यांनी घरच्या गुरांच्या गोठ्यात संग्रहालय उभं केलं, ते ‘ठाकर आदिवासी कला आंगण’. 2021 साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. पद्मश्रीनंतर तिथे काही भव्य झालं असेल अशा कल्पनेने जाल तर चुकाल. घर ते घरच आहे, आणि मला तेच आवडलं.

चित्रकथीची चित्रं काचेमागे बघणं आणि ती सांगताना बघणं यांत फार अंतर आहे. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात ती टांगलेली पाहिली होती: मोठे डोळे, बाजूने काढलेले चेहरे, रथ, बाण. छानच होती. पण इथे कळलं की ती भिंतीसाठी काढलेलीच नाहीत. एका आख्यानाच्या सुट्या चित्रांच्या गठ्ठ्याला पोथी म्हणतात. दोन चित्रं पाठीला पाठ लावून चिकटवलेली असतात. सांगणारा एक पान पुढ्यातल्या फळीला टेकवून उभं करतो, गातो, आणि प्रसंग पालटला की पान उलटतो. जुन्या पानांच्या खालच्या कडा बोटं लागून लागून काळवंडलेल्या आहेत. साथीला वीणा, टाळ आणि हुडुक हे लहानसं चर्मवाद्य. हुडुकाची दोरी खेचली की आवाज वर चढतो, आणि नेमका त्याच वेळी रावण पुढच्या पानावर येतो. मुलं सोबत असतील तर छायाबाहुल्यांचा खेळ आधी मागून घ्या. दिवा पडद्यामागे गेला की सगळ्यांचे मोबाईल आपोआप खाली जातात.

व्यवहाराचं: आदल्या दिवशी फोन करून किती माणसं येणार आणि नुसतं संग्रहालय बघायचं की प्रयोगही, हे सांगा. चार-पाच जणांसाठी पूर्ण प्रयोग करायचा म्हणजे घरची माणसं हातातलं काम टाकून बसणार, त्याचं मानधन नीट विचारून द्या. घासाघीस करणारी एक मंडळी आमच्या डोळ्यांदेखत तिथे होती, आणि तीच मंडळी नंतर हॉटेलात बिल न बघता देत होती. चित्रं विकतही मिळतात. रोख पैसे जवळ ठेवा, रेंजचा भरवसा नसतो.

आता दशावतार, म्हणजे इथलं रात्रभर चालणारं लोकनाट्य. कार्तिकापासून पुढे गावोगावच्या देवळांत जत्रा सुरू होतात आणि जवळजवळ प्रत्येक जत्रेला रात्री दशावतारी नाटक असतं. कुठे, कधी हे इंटरनेटवर शोधण्यापेक्षा कुडाळ-सावंतवाडीच्या बाजारात विचारा, स्थानिक वर्तमानपत्र बघा, चहाच्या टपरीवर बसा. ‘आज खंय जत्रा आसा?’ एवढा प्रश्न पुरतो. आम्हाला चहावाल्याने तीन गावं सांगितली, वर कुठल्या नाटक कंपनीचा राजा चांगला आणि कुठल्या कंपनीची स्त्रीपार्टी, म्हणजे बाईचं काम करणारा पुरुष, चांगली हेही.

लवकर पोचा. आधी देवीची ओटी भरायची रांग, मग पालखीच्या प्रदक्षिणा, नाटक उभं राहायला मध्यरात्र होते. मधल्या वेळेत खाजं घ्या, कुडकुडत चहा प्या, आणि देवळाच्या मागच्या अंगाला जिथे मंडळी रंगत असतात तिथे परवानगी विचारून डोकवा. नट स्वतःचा रंग स्वतः लावतो. आम्ही पाहिलं त्या रात्री पेटाऱ्यावर आरसा टेकवून एक पन्नाशीचा गृहस्थ नऊवारी नेसत होता. निऱ्या दातात धरून खोचणं, आंबाडा, गजरा, सगळं कुणाच्या मदतीशिवाय. शेजारचा तरुण भीम होऊन विडी ओढत बसलेला. ‘खंयसून इलात?’ त्याने विचारलं. पुण्याहून म्हटल्यावर म्हणाला, ‘मग पहाटपर्यंत बसा. अर्ध्यार उठून जाव नको.’

पहिल्या भागाला आडदशावतार म्हणतात. सूत्रधार येतो, ऋद्धी-सिद्धींसह गणपती येतो, सरस्वती येते, मग काळ्या वेषातला संकासुर येऊन मालवणीत धमाल उडवतो, आणि वेद चोरणाऱ्या त्या संकासुराला विष्णू मारतो. हल्ली हा भाग पुष्कळ ठिकाणी आटोपता घेतात. मला ते खटकतं, कारण संकासुर आणि भटजी यांच्या तोंडी त्या गावातलं सगळं राजकारण येऊन जातं. त्यानंतर मुख्य आख्यान. लिहिलेली संहिता नसते. कथा ठरते, संवाद जागेवर सुचतात. राजे संस्कृतप्रचुर मराठीत बोलतात, विनोदी पात्र मालवणीत उत्तर देतं. नेपथ्य म्हणजे एक लाकडी बाक. त्यावर राजा बसला की ते सिंहासन, नायिका आडवी झाली की पलंग, दोघे चढून उभे राहिले की डोंगर. पायपेटी (पायाने भाता मारायची पेटी), मृदंग आणि झांज बाजूला. आम्ही पाहिलेल्या प्रयोगात सासऱ्या-जावयाचा वाद इतका रंगला की पायपेटीवाला वाजवायचं विसरून ऐकत बसला होता.

एक सावधगिरी. ‘ट्रिकसीनयुक्त’ असं फलकावर दिसलं की तिथे धूर, दिवे, हवेत उडणारे देव असतात. गर्दी त्यालाही होते आणि लोकांना आवडतं, पण पहिल्यांदाच बघणार असाल तर देवळातला साधा प्रयोग निवडा. बसायला चटई, पांघरायला शाल, अंगात स्वेटर. कोकणात थंडी नसते हे रात्री दोनपर्यंतच खरं. फ्लॅश मारू नका, आणि बायका-मुलं बसलेल्या भागापुढे तिवई लावून उभे राहू नका. नाटकानंतर पहाटे दहीकाला होतो, तो झाल्यावरच उठा. दुसऱ्या दिवशी सकाळचा काही बेत ठेवू नका, झोप लागणारच.

उरलेल्या वेळात वालावलच्या लक्ष्मीनारायण मंदिरात जा, शेजारी तळं आणि माड. धामापूरचा तलाव 1530 सालचा, काठावर भगवतीचं देऊळ. दोन्ही एका दुपारीत होतात. वेंगुर्ल्याच्या बाजूला गेलात तर आरवलीचा वेतोबा चुकवू नका. नवसाला लोक त्याला केळीचे घड आणि चामड्याच्या भल्यामोठ्या चपला वाहतात. देव रात्री गावाभोवती फिरतो आणि चपला झिजतात, ही तिथली श्रद्धा. चपलांची शिवण जवळून बघा, चांभारकामाचा तो उत्तम नमुना आहे. लगतच्या शिरोड्यात वि. स. खांडेकर शिक्षक होते आणि 1930 चा मिठाचा सत्याग्रहही तिथेच झाला. वेंगुर्ल्यातली डच वखार पडकी आहे, वाटेत असेल तरच थांबा.

मालवण तालुक्यात कुडोपीच्या सड्यावर, म्हणजे उघड्या कातळाच्या पठारावर, कातळशिल्पं आहेत. युनेस्कोच्या संभाव्य यादीत कोकणातल्या ज्या कातळशिल्पांची नावं आहेत, त्यांत सिंधुदुर्गातून कुडोपी आहे. गावातला माणूस बरोबर घेतल्याशिवाय ती सापडत नाहीत, कारण जमिनीवरच्या रेषा आहेत आणि भर दुपारी त्या दिसेनाशा होतात. सकाळी लवकर किंवा ऊन कलल्यावर जा, तिरप्या उजेडात रेषा उठून येतात. सड्यावर झाड नाही, पाणी बरोबर न्या आणि कोरलेल्या भागावर पाय देऊ नका. पावसाळ्यात गवत माजलं की काहीच दिसत नाही.

जत्रेच्या तारखांचं शेवटी सांगतो, कारण बेत त्यावरच अवलंबून आहे. बहुतेक जत्रा तिथीवर ठरतात, पंचांग काढून अंदाज बांधता येतो. सोनुर्लीच्या माउलीची लोटांगणांची जत्रा साधारण नोव्हेंबरच्या आसपास येते. आंगणेवाडीच्या भराडीदेवीचं तसं नाही. तिथे देवीचा कौल घेऊन तारीख ठरते आणि ती जाहीर झाली की मुंबईहून येणाऱ्या गाड्या बघता बघता भरतात. देवीच्या दर्शनाला जायचं असेल तर जरूर जा, पण नाटक शांतपणे बघायचं असेल तर त्या आठवड्यात आंगणेवाडीच्या बाजूला न जाता कुडाळ तालुक्यातली एखादी लहानशी जत्रा गाठा. तिथे पुढच्या रांगेत बसायला जागा मिळते.